हिरवळीखाली हरवलेले

अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील एखाद्या जुन्या नगरोद्यानात, रविवारी सकाळी झोपाळ्यांवर मुलांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, कानांवर हेडफोन चढवून आणि लांब दांड्याचे एक यंत्र गवतावरून डावीउजवीकडे संथपणे फिरवीत चाललेला एखादा प्रौढ इसम दृष्टीस पडला, तर हा गुप्तधनाच्या मागे लागलेला असावा असा ग्रह मराठी मनाचा सहज होतो. कारण भूमिगत द्रव्याविषयीच्या आपल्या साऱ्या कल्पना मोहरांच्या हंड्यांनी, भुयारांनी आणि त्यांवर पहारा देणाऱ्या नागांनी व्यापलेल्या आहेत. परंतु सार्वजनिक उद्यानाच्या हिरवळीखाली सहसा कोणी काही पुरून ठेवलेले नसते. तेथे जे असते ते हरवलेले असते. चेंडूमागे धावताना खिशातून निसटलेली नाणी, थंडीने आकसलेल्या बोटावरून गळालेली अंगठी, घरच्या कुलुपाला पारखी झालेली किल्ली, मुलाच्या मुठीतून वाळूत पडलेली धातूची चिमुकली मोटार, या साऱ्या वस्तू कोणाच्या तरी होत्या, आणि त्यांतील काहींचे मालक त्याच गावात अजून हयात असतात. मेटल डिटेक्टर घेऊन उद्यानात प्रथमच उतरणाऱ्याने ही गोष्ट मनाशी पक्की धरली, म्हणजे कोठे जावे, किती खणावे आणि हाती आलेल्या वस्तूचे काय करावे या प्रश्नांकडे पाहण्याची त्याची दृष्टीच पालटते, असे मला वाटते.

या यंत्राच्या पूर्वजाची पहिली प्रसिद्ध परीक्षा झाली ती वॉशिंग्टन येथे, एका जखमी माणसाच्या शय्येपाशी. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांतील एक शरीरात रुतून राहिली आणि ती नेमकी कोठे आहे हे, क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षांचा अवधी असल्यामुळे, कोणाही वैद्यास सांगता येईना. तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने विद्युत्प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालणारे, धातूच्या सान्निध्यात कानाशी आवाज करणारे उपकरण मोठ्या तातडीने सिद्ध केले आणि दोन वेळा रुग्णाच्या अंगावरून फिरवून पाहिले. परंतु बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी त्या उपकरणास भ्रमात पाडले, आणि गोळी उजव्या अंगासच आहे या मुख्य वैद्याच्या आग्रहामुळे शोधही उजवीकडेच झाला, जेव्हा प्रत्यक्षात ती डाव्या बाजूस होती. १९ सप्टेंबर रोजी गारफिल्ड यांचे निधन झाले. या करुण प्रसंगात नवशिक्याला उपयुक्त असे दोन्ही धडे आहेत: शेजारच्या लोखंडाचा विचार केल्याशिवाय यंत्राच्या आवाजावर विश्वास ठेवू नये, आणि वस्तू कोठे असली पाहिजे हे आधीच ठरवून शोधू नये. झोपाळ्याचा लोखंडी खांब आजही तेच करतो, जे त्या बिछान्याने केले.

पुढे जर्मनीतून अमेरिकेत गेलेला अभियंता गेरहार्ड फिशर याने विमानांच्या दिशादर्शक रेडिओयंत्रांत धातूंमुळे उत्पन्न होणाऱ्या विकृतीचा मागोवा घेता घेता हातात धरून चालविण्याजोगे धातुशोधक यंत्र तयार केले आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. तर दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश लष्करी अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये बसून सुरुंग शोधणारे जे यंत्र घडविले, त्याची सुमारे ५०० नगे १९४२ च्या एल अलामेनच्या लढाईत वाळवंटातून सैन्याला वाट काढून देण्यासाठी वापरली गेली. कोसात्स्कीने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही, तो शोध ब्रिटिश लष्कराच्या स्वाधीन केला. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशी झालेली सुरुंगशोधक यंत्रे सामान्य माणसांच्या हाती आली आणि या छंदाला खरा आरंभ झाला.

यंत्राचे तत्त्व कठीण नाही. दांड्याच्या खालच्या टोकाशी जी थाळी असते आणि जिला कॉइल म्हणतात, तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि जमिनीत तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र पसरवितो. त्या क्षेत्रात एखादा धातू आला, की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे फिरणारे क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यास जाणवते. हे प्रत्युत्तर किंचित उशिरा येते आणि तो विलंब धातूगणिक निराळा असतो. चांदी आणि तांबे यांच्यातून वीज सुखाने वाहते म्हणून त्यांचे उत्तर एका प्रकारचे, लोखंडाचे दुसऱ्या, आणि निकेल, ॲल्युमिनियम व दागिन्यांतील बारीक सोने यांचे या दोहोंच्या मधले. यंत्राच्या पडद्यावर उमटणारा अंक म्हणजे या विलंबाचाच अंदाज होय. तो वस्तूचे नाव नसतो, हे विसरल्यामुळे नवख्यांची फार निराशा होते. शिवाय जमिनीतही लोहयुक्त खनिजे असतात आणि तीही बोलू लागतात, म्हणून आरंभी यंत्र त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. दख्खनच्या बेसाल्टापासून झालेली काळी माती आणि कोकणातील जांभा या दोन्ही याबाबतीत यंत्राला जाचक अशा भूमी आहेत. ओहायोतील किंवा सरे परगण्यातील उद्यानात जे यंत्र नाणे पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीवर सहज ऐकते, ते अशा मातीत त्याच्या अर्ध्या खोलीवरही अडखळू शकते. थाळी जमिनीस समांतर आणि जवळजवळ टेकलेली ठेवावी, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढलेला असावा, आणि फेऱ्याच्या दोन्ही टोकांस थाळी वर उचलली जाऊ देऊ नये. आवाज आला की त्याच जागेवरून आडव्या दिशेनेही थाळी फिरवून पाहावे. दोन्हींकडून तोच स्वच्छ सूर आला तरच गुडघे टेकावेत.

परंतु खरे कौशल्य यंत्रात नसून भूमी वाचण्यात आहे, आणि या वाचनास अमेरिकेतील उद्याने फार अनुकूल आहेत, कारण तेथील नाण्यांनी काळाच्या खुणा स्वतःच्या धातूतच जपून ठेवल्या आहेत. १९६४ पर्यंतची डाइम, क्वार्टर आणि अर्ध्या डॉलरची नाणी ९० टक्के चांदीची असत. १९६५ च्या कायद्यान्वये डाइम आणि क्वार्टरमधील चांदी काढून टाकण्यात आली. एक सेंटचे नाणे १९८२ पर्यंत मुख्यतः तांब्याचे होते आणि त्याच वर्षी ते तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या जस्ताचे झाले. ओलसर मातीत हे जस्त लवकर खंगते, म्हणून अलीकडचे सेंट बाहेर काढावे तर त्याच्या कडा कुरतडलेल्या आणि पृष्ठभाग व्रणांनी भरलेला, आणि त्याच्याहून दसपट जुनी चांदीची डाइम मात्र बोटाने माती पुसताच लखलखीत, असा विपरीत अनुभव येतो. ज्या उद्यानात एका कोपऱ्यात केवळ अलीकडची नाणी सापडतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात १९५८ पर्यंतची, गव्हाच्या ओंब्यांचे चित्र असलेली सेंटची नाणी सापडू लागतात, तेथे तो दुसरा कोपरा जुन्या काळी माणसांच्या पायाखालचा होता हे जाणावे आणि सावकाश चालावे.

नाणी खाली कशी जातात, याचे उत्तरही १८८१ सालानेच दिले आहे. त्या वर्षी चार्ल्स डार्विनचा गांडुळांवरील शेवटचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात, गांडुळे खालची माती सतत वर आणून टाकीत असल्यामुळे पृष्ठभागावरील वस्तू हळूहळू गाडल्या जातात, हे त्याने अनेक वर्षांच्या निरीक्षणाने दाखवून दिले. नाणे बुडते असे आपण म्हणतो, पण बहुतांशी माती वर चढलेली असते; तिच्यावर कुजलेल्या गवताची व पानांची भर पडते. म्हणूनच खोली हा वयाचा ढोबळ पुरावा ठरतो. तथापि ज्या उद्यानात नगरपालिकेने बाहेरून माती आणून पसरली आहे किंवा जमीन यंत्राने सपाट केली आहे, तेथे हा हिशेब कोलमडतो. आणि यासाठीच जुने नकाशे पाहण्याची सवय आरंभापासून लावून घ्यावी. इंग्लंडमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आहेत, अमेरिकेतील शहरांसाठी आगीच्या विम्याकरिता तयार केलेले सॅनबॉर्नचे नकाशे आहेत. वाद्यवृंदाचा चौथरा कोठे होता, पायवाट कोणत्या झाडांमधून जात असे, प्रेक्षक कोणत्या उतारावर बसून सामने पाहात, हे त्यांतून कळते. मैदानाच्या मध्यभागापेक्षा या उतारावर अधिक सापडते, कारण बसलेल्या माणसाचे खिसे उभ्या माणसाच्या खिशांपेक्षा उदार असतात.

नवशिक्याच्या संयमाची सर्वांत मोठी कसोटी मात्र नाणी घेत नाहीत, ती ॲल्युमिनियमच्या कड्या घेतात. १९५९ साली ओहायोतील डेटन शहराच्या अर्मल फ्रेझ याने डबा ओपनरशिवाय उघडता यावा म्हणून खेचून काढण्याच्या कडीची युक्ती शोधली. काही वर्षांतच बिअरचे व शीतपेयांचे डबे त्या कडीसह बाजारात आले, आणि ओढून काढलेली कडी खाली टाकून देण्याची रीत इतकी रूढ झाली की १९७५ च्या सुमारास डब्यालाच चिकटून राहणारी पट्टी येईपर्यंत अमेरिकेतील उद्याने या कड्यांनी अक्षरशः पेरली गेली. दुर्दैव असे, की या कडीचा यंत्रातील सूर आणि सोन्याच्या बारीक अंगठीचा सूर जवळजवळ एकच. कड्यांचा कंटाळा येऊन जो यंत्रास त्या सुरापुरते बहिरे करतो, तो सोन्यासही बहिरे करतो. माझे स्पष्ट मत असे, की प्रथम वर्षी तरी प्रत्येक स्वच्छ सूर खणावा आणि कड्या कमरेच्या पिशवीत भराव्यात. एक तर कान तयार होतात, आणि दुसरे म्हणजे ज्या गवतावर मुले अनवाणी धावतात तेथून धारदार पत्र्याचा एक तुकडा कमी होतो, ही गोष्ट सापडलेल्या क्वार्टरपेक्षा कमी मोलाची नाही.

मुलांच्या खेळण्याच्या जागा हे नवशिक्याचे खरे विद्यालय होय. झोपाळा, घसरगुंडी, उलटे लटकण्याचे दांडे यांच्याखाली वाळू किंवा लाकडाचे तुकडे पसरलेले असतात, तेथे गवत कापावे लागत नाही, वस्तू वरच्या थरात असतात, आणि उलट्या लटकलेल्या मुलाचे खिसे गुरुत्वाकर्षणापुढे टिकत नाहीत. छोटी थाळी घ्यावी, म्हणजे खांबांच्या लोखंडाचा उपद्रव कमी होतो. छिद्रांची पळी घ्यावी, म्हणजे वाळू गळून जाते. हातमोजे अवश्य घालावेत, कारण काच आणि क्वचित सुईही वाळूत असते. सुरी किंवा कुदळ या जागेत नेऊच नये. आणि मुले खेळत असताना तेथे जाऊ नये. अनोळखी माणूस मुलांच्या पायांशी काही शोधीत बसला आहे हे पाहून आयाबायांना वाटणारी शंका रास्त आहे, आणि समजूत घालीत बसण्यापेक्षा पहाटे जाऊन सातच्या आत निघून येणे हेच सभ्यपणाचे.

हिरवळीवर खणण्याची रीत तर सर्वांत आधी शिकावी; यंत्र विकत घेण्याच्याही आधी शिकली तर बरे, कारण उद्यानांतून या छंदावर जी बंदी येते ती बहुधा कोणीतरी केलेल्या ओंगळ खड्ड्यांमुळे येते. प्रथम हातात मावणाऱ्या शोधकाने किंवा बोथट टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने चाचपून पाहावे. नाणे दोन बोटांच्या आत असेल तर केवळ गवत विलगून ते वर काढता येते. खोल असेल, तर हातसुरीने नालाच्या आकाराचा काप घ्यावा, तीन बाजू कापाव्यात आणि चौथी तशीच जोडलेली ठेवून ती हिरवी खपली मुळांसकट, वहीचे पान उलटावे तशी, अलगद उलटावी. काप ऐसपैस आणि मुळांच्या खालपर्यंत असावा. काटकसरीने कापलेली उथळ खपली चार दिवसांत वाळते. निघालेली सुटी माती शेजारच्या गवतावर न टाकता एका कापडावर घ्यावी, वस्तू मिळताच खड्ड्यात पुन्हा एकदा यंत्र फिरवून दुसरे काही राहिले नाही याची खात्री करावी, माती सगळीच्या सगळी परत घालावी, खपली मिटवून पावलाने दाबावी आणि उन्हाळा असल्यास बाटलीभर पाणी शिंपडावे. कडक उन्हाने गवत पिवळे पडलेल्या आठवड्यांत मुळीच खणू नये. खेळपट्टीवर आणि गोलाजवळ तर कधीच नाही. अर्धवट बुजलेल्या खड्ड्यात धावत्या मुलाचा घोटा मुरगळला, तर त्याचे परिमार्जन कोणत्याही सापडलेल्या वस्तूने होत नाही. जमिनीखाली पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा असतात, म्हणून लांब, सरळ रेषेत सलग येणारा सूर खणायचा नसतो. गंजलेला, लांबट, वजनदार असा लष्करी बनावटीचा एखादा गोळा इंग्लंडच्या भूमीत दिसला तर हात न लावता मागे फिरून पोलिसांस कळवावे.

परवानगीचा प्रश्न मी येथे मुद्दाम विस्ताराने घेतो, कारण उद्यान सर्वांचे आहे म्हणून त्याखालची वस्तूही सापडेल त्याची, असा एक गोड गैरसमज सर्वत्र आढळतो. इंग्लंडमधील फार्नहॅम पार्क या उद्यानात १९९२ साली फ्लेचर नामक गृहस्थास डिटेक्टरच्या साहाय्याने सुमारे नऊ इंच खोलीवर सोन्याचा एक मध्ययुगीन ब्रूच सापडला. त्याने तो लपविला नाही, अधिकाऱ्यांकडे रीतसर दाखल केला, आणि तत्कालीन कायद्यानुसार तो राजसत्तेच्या मालकीचा गुप्तनिधी ठरत नाही असा निर्णय झाल्यावर तो त्याला परतही मिळाला. पण उद्यानाची मालक असलेल्या वेव्हर्ली बरो कौन्सिलने दावा लावला. खालच्या न्यायालयाने फ्लेचरच्या बाजूने कौल दिला. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. न्यायाधीशांनी घातलेली सीमारेषा लक्षात ठेवण्यासारखी आहे: जमिनीवर मोकळी पडलेली वस्तू आणि जमिनीच्या पोटात असलेली वस्तू यांच्या बाबतीत शोधणाऱ्याचा हक्क सारखा नाही, पोटातील वस्तूवर जमिनीच्या मालकाचा अधिकार वरचढ, आणि लोकांना मनोरंजनासाठी उद्यानात येण्याची जी मुभा असते तीत खणण्याची मुभा अंतर्भूत नसते. हा न्याय शोधणाऱ्यावर कठोर आहे खरा, परंतु हिरवळीच्या दृष्टीने तो योग्यच आहे.

म्हणून आरंभ नगरपालिकेच्या कचेरीत व्हावा. न्यूयॉर्कसारख्या शहरात उद्यान खाते डिटेक्टरसाठी परवाना देते, अन्यत्र कोठे लेखी अर्ज करावा लागतो तर कोठे सरसकट मनाई असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र हे यंत्र जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा आहे, आणि संघराज्याच्या भूमीवरील शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष १९७९ च्या कायद्याने संरक्षित आहेत. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे, तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू सापडल्यास चौदा दिवसांच्या मुदतीत कॉरोनर या अधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी लागते. तर साध्या, कमी मोलाच्या वस्तूंची नोंद स्वेच्छेने व्हावी म्हणून १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना चालविली जाते आणि तिच्या दप्तरी दहा लाखांहून अधिक वस्तू चढल्या आहेत. सफोक परगण्यात १९९२ च्या नोव्हेंबरात एरिक लॉज हा निवृत्त माळी आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला शेतात गेला असता त्याला रोमन काळातील सुमारे १५,००० नाण्यांचा आणि दागिन्यांचा संचय लागला. त्याचे थोरपण मला यात वाटते, की थोडेसे वर आल्यावर त्याने खणणे थांबविले आणि अधिकाऱ्यांस कळविले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो सारा संचय कोणत्या पेटीत, कोणत्या क्रमाने ठेवला होता हे जागच्या जागी पाहता आले. याउलट २०१५ मध्ये लेमिन्स्टर गावाजवळ व्हायकिंगकाळातील नाणी व दागिने सापडल्यावर ज्या दोघांनी ते दडवून बाजारात फोडले, त्यांना दीर्घ कारावास झाला. पण त्या नाण्यांपैकी बहुतेक पुन्हा कधी हाती आली नाहीत, आणि त्यांच्याबरोबर इतिहासाचे एक पानही गेले.

आपल्याकडे हा छंद या स्वरूपात नाही, आणि परदेशातील भाचा यंत्र घेऊन आला म्हणून ते उचलून गडावर जाण्याचा मोह कोणी धरू नये. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अद्याप लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडल्यास ठिकाण, दिनांक आणि अंदाजे मूल्य यांसह कलेक्टरांस लेखी कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे. गुप्तधनाच्या नावाखाली महाराष्ट्रात जे अघोरी प्रकार झाले त्यांना आळा घालण्यासाठी २०१३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, हेही येथे विसरता येत नाही. गडावरच्या तटाखाली खणलेला एक खड्डा जे पुसून टाकतो, ते कोणत्याही संग्रहालयास पुन्हा लिहिता येत नाही.

परदेशी राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना हा छंद सुरू करावयाचा असेल, त्यांनी प्रथम स्वतःच्या घरामागच्या अंगणात एक डाइम, एक निकेल, डब्याची एक कडी आणि जुनी एखादी अंगठी निरनिराळ्या खोलीवर पुरून त्यांचे सूर ओळखण्याचा सराव करावा, आणि मग परवाना घेऊन जवळच्या उद्यानात जावे. सापडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे जागा, खोली आणि दिनांक वहीत मांडावेत. अंगठी मिळाली तर तिची आतील बाजू भिंगाखाली पाहावी. अमेरिकेतील विद्यालयीन अंगठ्यांवर शाळेचे नाव, उत्तीर्ण होण्याचे वर्ष आणि पुष्कळदा धारण करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली असतात, आणि एवढ्या पुराव्यावर शाळेच्या कचेरीतून पन्नास वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचाही माग लागू शकतो. लग्नाच्या अंगठीत केवळ दोन अक्षरे आणि एक तारीख असेल, तर उद्यान खात्याच्या हरवले-सापडले विभागात वर्दी द्यावी आणि गावातील सूचनाफलकावर 'अंगठी सापडली आहे' एवढेच लिहावे. आत काय कोरले आहे ते मागणाऱ्याने सांगावे, आणि ते जुळल्यावरच अंगठी त्याच्या हवाली करावी.